टायरला चिखल काहून?

धावड्याच्या स्टँडवर ऐकलेला एक सवाल माझ्या मनातून जात नाही. हरवलेल्या गोऱ्ह्याची चौकशी चालली होती. मोटारसायकलवरचा पोरगा सांगत होता, आपण सरळ डांबरीनं भोकरदनहून आलो, शिवाराकडे फिरकलोच नाही.

"पाऊस लागला का वाटंनं?" म्हातारबाबांनी विचारलं.

"नाही बाबा."

"मंग टायरला चिखल काहून?"

बाबांचा आवाज चढला नव्हता. पण त्यांची नजर, त्यांचा धीर, समोरच्याला आधी मोकळं बोलू देण्याची त्यांची रीत, सगळं त्या दोन सवालांत आलं.

असा सवाल मराठी रहस्यकथेत मला क्वचितच भेटतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक घराघरांत पोचले. कित्येकांना वाचनाची गोडी त्यांनीच लावली, ते ऋण मी मानतो. तरीही नावं झाकून संवाद वाचावेत, तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. वेशांतर आणि धाडस नायकागणिक रंगतं, बोली मात्र सगळ्यांची एकच, छापील. उलट, १८८७ साली छापून आलेला होम्स पहिल्याच भेटीत वॉटसनला म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होतात. एवढ्या एका वाक्यात तो आपल्याला कळतो.

सुहास शिरवळकरांना हे मर्म सापडलं होतं. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास कोर्टात बोलतो तेव्हा त्याचा रुबाब शब्दांच्या वेगातून जाणवतो. पण तो वेग शहरी आहे. भा. रा. भागवतांनी तर फुरसुंगीच्या बनेश फेणेला एक साधा आवाज दिला, "ट्टॉक". पोराच्या डोक्यात काहीतरी पेटलंय, हे त्या आवाजावरून कळतं. २०१७ साली चित्रपटात बनेश मोठा होऊन आला, तेव्हाही प्रेक्षक त्या आवाजाची वाट पाहत होते.

मग गावाकडचा डिटेक्टिव्ह का नाही? धावड्याजवळच जाळीचा देव आहे, महानुभाव पंथाचं मोठं ठाणं. त्याच पंथाच्या म्हाइंभटांनी तेराव्या शतकात माणसं गाठून, विचारून, चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवल्या. एका प्रसंगाचे वेगवेगळे पाठही पुढे जपले गेले. साक्षी तपासायची ही केवढी जुनी चाल! आणि त्या आठवणींच्या 'लीळाचरित्रा'त स्वामी दिसतात ते बहुतेक बोलण्यातूनच, छोट्या, नेमक्या वाक्यांतून. मराठी गद्याची सुरुवातच अशी असताना आमच्या रहस्यकथेनं आपला कान विलायती पुस्तकांना लावला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. 'काहून' म्हणणारा तपासनीस आला, तर तो बोलीची गंमत म्हणून येऊ नये. त्याची अक्कलच त्या शब्दांत असावी.

स्टँडवरचा पोरगा थोडा थांबला. मग म्हणाला, "गाडी धुवायला वढ्यावर नेली होती."

"धुतली," बाबा म्हणाले, "अन् चिखल ठेवला?"