‘तत्रैव’ म्हणजे नेमके कोठे?

तळटीप ही विद्वत्तेची भूषा नव्हे; ती वाचकाला मूळ वचनापर्यंत नेणारी पायवाट आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली संदर्भटीपांविना प्रसिद्ध झाला, आणि “आधार कोठे?” असे विचारण्यास टीकाकारांना वाव मिळाला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना पाली आधार परिश्रमपूर्वक शोधले. महाराष्ट्र शासनाने १९९२ साली हा ग्रंथ अकराव्या खंडात छापला. पाली व अन्य स्रोत मात्र १९९५ साली स्वतंत्र पुरवणीत आले. एका संदर्भासाठी दोन पुस्तके उघडावी लागावीत, ही अडचण लहान नव्हे.

आज जालना जिल्ह्यातील आमचे तरुण अभ्यासक संगणकावर प्रबंध सिद्ध करतात. त्यांच्या टीपा त्याच पानावर असतात, हे स्वागतार्ह आहे. परंतु एका दोषाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. समजा, सातवी टीप ‘दीघनिकाय २.१००’ अशी आहे, ‘अत्तदीप’ वचनाची. आठवी नुसती ‘तत्रैव’. पुढे दोहोंमध्ये कालामसुत्ताची ‘अंगुत्तरनिकाय १.१८९’ ही टीप घातली जाते. क्रमांक आपोआप बदलतात, पण हाताने लिहिलेले ‘तत्रैव’ आता मुकाट्याने अंगुत्तरनिकायाकडे बोट दाखवते. तथागतांच्या मुखी एका सुत्ताचे वचन दुसऱ्या सुत्ताच्या नावे जाते, आणि मुद्रितशोधकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यावर उपाय आहे. ‘लाटेक’ या अक्षरजुळणी प्रणालीच्या ‘बिबलाटेक’ या जोडसंचात लेखकाने ‘तत्रैव’ लिहावयाचेच नसते. ग्रंथांची माहिती एका स्वतंत्र धारिकेत एकदाच नोंदवावयाची आणि टीपेच्या जागी त्या ग्रंथाची खूण व पृष्ठांक द्यावयाचा. योग्य शैली निवडली की पहिल्या वेळी पूर्ण संदर्भ, नंतर संक्षिप्त, आणि लागोपाठ तोच ग्रंथ आला तरच ‘तत्रैव’, हे प्रणाली प्रत्येक जुळणीच्या वेळी नव्याने ठरवते. आधीच्या टीपेत दोन ग्रंथ असल्यास किंवा पान उलटले असल्यास ‘तत्रैव’ टाळण्याचीही सोय तीत आहे.

तथापि आमचे मत असे की, त्रिपिटकाच्या संदर्भांना ‘तत्रैव’ लावूच नये. ‘दी. नि. २.१००’ हे चिन्ह मुळातच इतके आटोपशीर आहे की ते पुन्हा छापल्याने जागा वाया जात नाही. ‘तत्रैव’ आधुनिक ग्रंथांपुरते राखावे.

शेवटी, यंत्र क्रम सांभाळते, सत्य नाही. पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्तीचा पृष्ठांक नालंदेच्या देवनागरी आवृत्तीच्या नावे घातला, तर प्रणाली ती चूक प्रत्येक टीपेत इमानाने छापील. केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, असे कालामांना सांगितले गेले. ते पाळावयाचे तर वाचकाला ग्रंथ उघडून पाहता आला पाहिजे. आणि त्याआधी लेखकाने तो स्वतः उघडलेला असला पाहिजे.