40 पैकी 26: संख्याशास्त्राचा गृहपाठ काय विचारत नाही

आधी एक गणित वाचा.

"एका ज्योतिषाने 40 जन्मपत्रिका पाहून प्रत्येक मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, हे सांगितले. त्याची 26 उत्तरे बरोबर आली. तो केवळ अंदाजाने उत्तरे देत आहे, हे शून्य गृहीतक 5 टक्के सार्थकता पातळीवर तपासा."

हा प्रश्न मी रचलाय, पण साचा माझा नाही. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं कुठलंही पुस्तक उघडा, संभाव्यता आणि गृहीतक-चाचणीच्या धड्याखाली असे दहा-वीस प्रश्न मिळतील. ज्योतिषाच्या जागी कधी नाणं असतं, कधी बल्बचा कारखाना, कधी डोकेदुखीची गोळी. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या गृहपाठांच्या गठ्ठ्यात हा साचा इतक्या वेळा दिसतो की उत्तर न वाचताही पुढची ओळ सांगता येते.

उत्तरही सरळ आहे. निव्वळ अंदाज असेल तर प्रत्येक पत्रिकेला बरोबर येण्याची शक्यता निम्मी. मग 40 पैकी 26 किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता किती? बायनॉमियलचं सूत्र लावलं की 0.04 येते. ही झाली पी-व्हॅल्यू. 0.05 पेक्षा कमी आहे, म्हणून शून्य गृहीतक नाकारा. पाचपैकी पाच गुण.

आकडेमोड चोख आहे आणि माझी तक्रार नेमकी इथेच सुरू होते. हा गृहपाठ मुलांकडून जे करून घेतो ते कॅल्क्युलेटर करू शकतो. जे माणसानेच करायला हवं, ते प्रश्न छापण्यापूर्वीच कोणीतरी परस्पर उरकून टाकलेलं असतं. हे नुसतं मोघम बोलून पटणार नाही, म्हणून एक खरा प्रयोग घेऊ. तो आपल्या पुण्यातलाच आहे, आणि वरच्या गणिताची गोष्ट मी तिथूनच उचलली आहे.

2008 साली जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि एकेकाळी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या अशा 200 पत्रिका तयार केल्या. भाग घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 पाठवल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. 51 जणांनी तयारी दाखवली, 27 जणांनी उत्तरं पाठवली. उत्तीर्ण होण्याची अट आधीच ठरलेली होती: 40 पैकी किमान 28. सगळ्यात चांगला निकाल होता 24. सत्ताविसांची सरासरी 20 च्याही खाली राहिली. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या आणि तिची 102 उत्तरं बरोबर आली. 2009 मध्ये हे काम 'करंट सायन्स'मध्ये छापून आलं.

आता आपलं गणित आणि हा प्रयोग शेजारी ठेवून पाहू.

पहिला फरक: रेघ कुठे आणि कधी मारली. पुस्तकाच्या 5 टक्क्यांच्या नियमाने 26 वरच ज्योतिषी पास होतो. नारळीकरांच्या गटाने रेघ 28 वर ठेवली. नुसत्या अंदाजाने 28 किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे 0.008, म्हणजे साधारण 120 मध्ये एक. आणि ही रेघ उत्तरं यायच्या आधी मारलेली होती. गृहपाठात "5 टक्के पातळीवर" हे शब्द आयते येतात, जणू पंचांगातून काढलेत. 5 टक्के हा आकडा रोनाल्ड फिशर यांनी 1925 च्या पुस्तकात सोयीचा म्हणून वापरला आणि तो रूढ झाला. सोय म्हणजे नियम नव्हे. चुकून पास केल्याची किंमत किती, चुकून नापास केल्याची किती, हे तोलून रेघ ठरवायची असते. हा विचार एकाही मुलाला करायला लागत नाही, कारण तशी जागाच प्रश्नात ठेवलेली नाही.

दुसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: किती जणांना विचारलं? गणितात एकच ज्योतिषी आहे. तो कुठून आला? समजा 27 जणांनी परीक्षा दिली, सगळ्यांनी नुसते अंदाज लावले, आणि त्यातल्या 26 गुण मिळवणाऱ्यालाच पुस्तकात जागा मिळाली. एकाला अंदाजाने 26 किंवा जास्त मिळण्याची शक्यता 4 टक्के आहे. पण 27 पैकी निदान एकाला तरी मिळण्याची? एकालाही न मिळण्याची शक्यता 0.96 चा 27 वा घात, म्हणजे जवळपास 0.33. म्हणून निदान एकजण "पास" होण्याची शक्यता तब्बल 67 टक्के. दर तीन वेळा असा प्रयोग केला तर दोनदा पेपरात मथळा ठरलेला!

आणि खऱ्या प्रयोगातला सर्वोत्तम 24? एकट्या माणसाला अंदाजाने 24 किंवा जास्त मिळण्याची शक्यता 13 टक्के. सत्तावीस जणांत कोणाला तरी तेवढे मिळण्याची शक्यता 98 टक्के. म्हणजे 24 हा निकाल जवळजवळ अटळच होता. अगदी 28 ची कडक रेघही 27 जणांपुढे थोडी सैल पडते. निव्वळ नशिबाने कोणीतरी ती ओलांडण्याची शक्यता 20 टक्के भरते. गंमत म्हणजे हे सगळं गणित संभाव्यतेच्या धड्यातलंच आहे, "निदान एक" प्रकारचं. मुलांनी ते चौथ्या आठवड्यात सोडवलेलं असतं. दहाव्या आठवड्यात गृहीतक-चाचणी येते तेव्हा ते वापरायला कोणी सांगत नाही.

तिसरा मुद्दा पी-व्हॅल्यूच्या अर्थाचा. 0.04 आली की निष्कर्षाच्या ओळीत हमखास लिहिलं जातं: "म्हणजे ज्योतिषी नुसता अंदाज लावत असण्याची शक्यता फक्त 4 टक्के." हे साफ चुकीचं आहे. 0.04 ही "अंदाज लावत असेल तर असा निकाल येण्याची" शक्यता आहे. "असा निकाल आला तर तो अंदाज लावत असण्याची" शक्यता ही वेगळी गोष्ट आहे. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला 2016 मध्ये पी-व्हॅल्यूवर खास निवेदन काढून हेही बजावावं लागलं, इतका हा गोंधळ संशोधकांमध्येही मुरलेला आहे.

फरक किती पडतो ते बघा. समजा 1000 ज्योतिषी आहेत आणि त्यातल्या 20 जणांना खरोखरच 70 टक्के पत्रिका ओळखता येतात. उरलेले 980 अंदाज लावतात. 26 ची रेघ लावली तर त्या 20 पैकी साधारण 16 पास होतील. पण 980 चे 4 टक्के म्हणजे सुमारे 40 जणही पास होतील. एकूण पास 56, त्यातले 40 नुसते नशीबवान. पास झालेल्या माणसाला काहीच येत नसण्याची शक्यता 71 टक्के निघाली, 4 नव्हे. मुलांनी हेही केलेलं असतं बरं का! बेझच्या प्रमेयाखाली रक्ततपासणी आणि दुर्मीळ आजाराचं गणित असतं, ते हेच. दोन धड्यांमध्ये भिंत बांधून ठेवलीय, एवढंच.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी नारळीकरांच्या प्रयोगाची आरती ओवाळतोय. तसं नाही. चांगल्या गृहपाठाने या प्रयोगालाही तेच प्रश्न विचारायला हवेत.

हा चौथा मुद्दा: चाचणीची ताकद. समजा एखाद्या ज्योतिषाला खरोखर थोडंसं कळतं, 50 ऐवजी 60 टक्के पत्रिका तो ओळखतो. त्याला 40 पैकी 28 मिळण्याची शक्यता किती? जेमतेम 13 टक्के. म्हणजे असे शंभर "थोडं कळणारे" आणले तर 87 नापास होतील. 70 टक्के ओळखणारासुद्धा निम्म्याहून थोड्याच जास्त वेळा पास होईल. तेव्हा "एकही ज्योतिषी 28 पर्यंत पोचला नाही" या एका वाक्यावर "त्यांच्यात कोणालाच काही येत नाही" असं म्हणणं घाईचं ठरेल.

मग प्रयोग फुकट गेला का? मुळीच नाही. पण त्याचं बळ कुठे आहे ते ओळखायला हवं. सगळ्या सत्तावीस जणांना 60 टक्के जमत असतं तर त्यांची सरासरी 24 च्या आसपास आली असती, फार तर दीड-दोन गुण इकडेतिकडे. ती 20 च्या खाली आली. 200 पत्रिका पाहणाऱ्या संस्थेला 60 टक्के जमत असतं तर 120 च्या जवळपास उत्तरं बरोबर यायला हवी होती. आली 102. अंदाजाने 100 अपेक्षित असतात आणि त्यात सातेक इकडे-तिकडे होणं नेहमीचं. एकेका ज्योतिषाचा पास-नापास निकाल दुबळा पुरावा आहे. सगळ्यांचा एकत्र निकाल मात्र भक्कम आहे. माझ्या मते या प्रयोगाची चर्चा करताना लोक 28 आणि 24 वर अडकतात आणि जास्त वजनदार आकडे, सरासरी आणि 102, बाजूला राहतात.

तरीही दोन मर्यादा उरतात. 51 पैकी 24 जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत. त्यांच्याबद्दल हा प्रयोग बोलू शकत नाही. आणि तपासला गेला तो एकच दावा, पत्रिकेवरून बौद्धिक क्षमता ओळखण्याचा. लग्न, नोकरी, साडेसाती या दाव्यांना स्वतंत्र चाचण्या लागतील. "ज्योतिष खोटं असल्याचं सिद्ध झालं" आणि "या दाव्यासाठी पुरावा मिळाला नाही, आणि असता तर बहुधा दिसला असता" या दोन वाक्यांत फरक आहे. मला दुसरं वाक्य जास्त आवडतं, कारण ते कोणी खोडू शकत नाही. ज्या बाजूचा निष्कर्ष आपल्याला आवडतो, तिथे तर जास्तच काटेकोर राहायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, पहिल्या वर्षाच्या मुलांवर एवढं ओझं कशाला? आधी यांत्रिक सराव होऊ दे, विचार पुढे शिकतील. हा युक्तिवाद मला पटत नाही, दोन कारणांनी. एक, बहुतेकांना "पुढे" नसतंच. शेतकी, फार्मसी, मानसशास्त्र, एमबीए अशा ठिकाणी संख्याशास्त्राचा हा एकच पेपर असतो. त्यानंतर ही मुलं थेट खताच्या चाचण्या, औषधांचे अहवाल आणि निवडणुकीचे सर्व्हे वाचायला बसतात. दोन, हा विषय सुरुवातीला असा शिकवलाच जात नव्हता. फिशर यांनी 1935 च्या पुस्तकात चहाचं प्रसिद्ध उदाहरण दिलं: दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखू शकते असं म्हणणारी बाई, आणि तिच्यापुढे आठ कप, चार असे, चार तसे. सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता 70 मध्ये 1, हे गणित दोन ओळींत संपतं. बाकीचं सगळं प्रकरण कप किती ठेवायचे, कोणत्या क्रमाने द्यायचे, क्रम चिठ्ठ्या टाकून का ठरवायचा, किती चुका चालवून घ्यायच्या यावर आहे. तिने प्रत्येक प्रकारातला एकेक कप चुकवला तर? तसं किंवा त्याहून चांगलं नशिबाने जमण्याची शक्यता 24 टक्क्यांवर जाते, म्हणून चूक परवडत नाही, हे चहा ओतायच्या आधीच ठरतं. आपल्या गृहपाठाने त्या प्रकरणातल्या दोन ओळी ठेवल्या आणि बाकीचं गाळून टाकलं.

मग काय करावं? नवा अभ्यासक्रम नको. तोच प्रश्न थोडा बदलून विचारा:

"ज्योतिषांची अशी चाचणी तुम्हाला घ्यायची आहे. प्रत्येकाला किती पत्रिका द्याल? किती बरोबर आल्या तर पास म्हणाल आणि का? 27 जण आले तर रेघ बदलाल का? 60 टक्के ओळखणारा माणूस तुमच्या चाचणीत किती वेळा सापडेल? कोणीच पास झालं नाही तर निष्कर्षाचं वाक्य नेमकं कसं लिहाल?"

याला एक उत्तर नाही, म्हणून तपासायला वेळ लागतो, आणि साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे कठीण जातं हे मला माहीत आहे. म्हणून सगळे प्रश्न बदला असं मी म्हणत नाही. दहातला एक बदला.

तुम्ही सध्या हा पेपर देत असाल तर शिक्षकांची वाट पाहू नका. पुढचं गणित सोडवून झालं की वहीत खाली स्वतःच दोन ओळी लिहा: हे आकडे येण्याआधी कोणी काय ठरवलं होतं, आणि असे किती प्रयत्न झाल्यावर हा एक माझ्यापर्यंत आला? गुण वाढणार नाहीत. पण "अभ्यासातून सिद्ध झालंय" असं कोणी सांगितलं की आधी काय विचारायचं, ते तुम्हाला ठाऊक असेल.