प्रौढांची चित्रकथा आणि नियतकालिकाचा प्रश्न : ‘कॉमिक्सेन्स’च्या निमित्ताने

मराठीत ‘कॉमिक्स’ हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर लहान मूल उभे राहते. १९६४ साली सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स आणि १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली निघालेली अमर चित्र कथा यांनी घडविलेला हा संस्कार इतका दृढ आहे की, चित्रांतून सांगितलेली गंभीर कथा ही कल्पनाच आपल्या विद्यापीठीय समीक्षेला परकी वाटते. २०२१ साली भोपाळच्या एकतारा ट्रस्टने ‘कॉमिक्सेन्स’ हे केवळ चित्रकथांना वाहिलेले इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. या घटनेची दखल मराठीच्या अभ्यासकांनी घेणे अगत्याचे होते. तिचे संपादक ओरिजित सेन यांचा आपल्या भूभागाशी संबंध जुना आहे. नर्मदा खोऱ्यातील विस्थापनावरील त्यांचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. पुढे गोवा विद्यापीठाच्या मारिओ मिरांडा अध्यासनावर असताना त्यांनी विद्यार्थ्यांसमवेत म्हापशाच्या बाजाराचे चित्रांकन हाती घेतले.

येथे महत्त्व आहे ते नियतकालिक या संस्थेला. पेंग्विनने २०१२ साली ‘पाओ’ हा चित्रकथांचा संग्रह काढला, झुबानने २०१५ साली ‘ड्रॉइंग द लाइन’ हा स्त्री-चित्रकारांचा संग्रह काढला. दोन्ही उल्लेखनीय आहेत. परंतु ग्रंथ एकदा निघतो, नियतकालिक पुन्हा पुन्हा निघावे लागते. या सातत्यातूनच नवोदिताला दुसरी संधी मिळते, संपादकाची दृष्टी घडते आणि वाचकाची सवय बनते. मराठी नवकथेचा इतिहास ‘सत्यकथे’ला वगळून लिहिता येत नाही, तो याच कारणाने. साभार परत आलेल्या कथांचाही त्या इतिहासात वाटा आहे! चित्रकथेच्या बाबतीत जपानमध्ये हे कार्य १९६४ साली कात्सुइची नागाई यांनी सुरू केलेल्या ‘गारो’ मासिकाने केले. अमेरिकेत फ्रांस्वाज मूली आणि आर्ट स्पीगलमन यांच्या ‘रॉ’ने १९८० पासून तेच केले. ज्या ‘माउस’ला १९९२ साली विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला, ती कृती प्रथम ‘रॉ’च्या अंकांत लहान पुस्तिकेच्या रूपाने क्रमशः येत होती. नाझी छळछावणीतून वाचलेल्या पित्याची कहाणी उंदीर-मांजरांच्या रूपात सांगण्याचे धाडस एखाद्या प्रकाशकाने आरंभीच संपूर्ण ग्रंथावर पैसा लावून केले असते, हे संभवनीय वाटत नाही.

मराठीत चित्रांची वानवा कधीच नव्हती. १९५० च्या दशकाच्या आरंभापासून मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ने खिडकीचित्रांची चाल रूढ केली. १९६० साली ‘मार्मिक’ निघाले. शि. द. फडणीसांनी शब्दांवाचून हसविण्याची कला मुखपृष्ठांवर सिद्ध केली. वसंत सरवट्यांनी तर व्यंगचित्र काढण्याबरोबर त्याची मीमांसाही केली. १९९१ पासून चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ दैनिकाच्या वाचकाचा सोबती झाला. परंतु या समृद्धीत एक अलिखित वाटणी दिसते : चित्र प्रौढांसाठी असेल तर ते हसविणारे असावे आणि कथा सांगणारे असेल तर ते मुलांसाठी असावे. या दोहोंच्या मधली जागा रिकामी राहिली. अरुण कोलटकरांसारखा कवी व्यवसायाने जाहिरात क्षेत्रातील चित्रकार होता, आणि तरीही साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या धामधुमीत चित्रकथेचे स्वतंत्र अनियतकालिक रुजले नाही, याचे नवल वाटते.

परंपरेचा दाखला म्हणून चित्रकथीकडे बोट दाखविले जाते. पिंगुळीची परंपरा आजही जिवंत आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ‘पैठणी’ म्हणून ओळखली जाणारी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. हा दाखला अभिमानास्पद असला तरी जपून वापरावा लागतो. चित्रकथीत एक पान एक प्रसंग दाखविते आणि प्रसंगांना जोडणारा धागा कथेकऱ्याच्या वाणीत असतो. आधुनिक चित्रकथेत तो धागा दोन चौकटींमधील कोऱ्या पट्टीत असतो आणि तो वाचकालाच विणावा लागतो. साम्यापेक्षा हा भेद अधिक बोलका आहे.

तो भेद ओलांडण्याचा यशस्वी प्रयत्न ‘भीमायन’मध्ये (नवयान, २०११) आढळतो. दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी डॉ. आंबेडकरांचे अनुभव चित्रित करताना चौकोनी चौकटी नाकारल्या. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आणि विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात घातले. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्यावरून झालेला अपमान त्यात आहे. मराठवाड्यातील ही घटना, मात्र तिचे हे चित्ररूप दिल्लीहून इंग्रजीत आले.

‘कॉमिक्सेन्स’बाबतचा आमचा आक्षेप येथेच सुरू होतो. ‘साइकिल’ आणि ‘प्लूटो’ ही उत्तम बालनियतकालिके हिंदीत काढणारी संस्था चित्रकथेसाठी इंग्रजीकडे वळली. तसेच किशोर व त्यापुढील वाचक एकाच कक्षेत घेतल्याने ‘प्रौढ’ या संज्ञेला बगल मिळते. प्रौढत्व म्हणजे नग्नता वा हिंसा नव्हे. शेवट न जुळणारी गोष्ट सोसण्याची तयारी म्हणजे प्रौढत्व. किशोरांचा विचार करणाऱ्या संपादकाला, तो कितीही धीट असला तरी, अर्थ सुटा करून देण्याचा मोह टाळणे कठीण असते.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीचे उदाहरण घेऊ. भंगार वितळविणाऱ्या भट्ट्या, लाल बिलेटची सळई होईपर्यंतचा प्रवास, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार, त्यांची भोजपुरी आणि मुकादमाची मराठी. आपल्या ग्रामीण व दलित साहित्याने शेत, गावकूस आणि वस्ती यांना भाषा दिली. या वसाहतीला ती अद्याप पुरेशी मिळालेली नाही. पाळीचे एकसुरी तास शब्दांत सांगू गेल्यास वर्णन लांबते. तीच कृती बारा चौकटींत बारा वेळा काढली की वाचकालाही ती सोसावी लागते. शिवाय हे चित्र मराठी न वाचणाऱ्या त्या कामगारालाही निम्मेअधिक कळेल, हा लाभ आपल्या कोणत्याही कथामासिकाला नाही.

असे मराठी नियतकालिक निघाल्यास त्याला चित्रकारांच्या मानधनाची आणि टिकाऊ वर्गणीदारांची गरज भासेल. त्यातील दुसरा भाग महाविद्यालयांच्या हाती आहे. सध्या आपल्या ग्रंथालयांत असा ग्रंथ आलाच तर दशांश वर्गीकरणानुसार ७४१.५ या क्रमांकावर, म्हणजे रेखाटनकलेच्या कपाटात जातो. मराठीचा प्राध्यापक ८९१.४६ च्या कपाटापाशी उभा असतो.