रसभंग कोणी केला?

बीबीसी नभोवाणीवर स्टीफन पॉटर व जॉयस ग्रेनफेल यांची 'हाउ' ही विनोदी मालिका १९४३ पासून गाजली. 'थर्ड प्रोग्रॅम' हे केंद्र २९ सप्टेंबर १९४६ रोजी सुरू झाले, तेही याच मालिकेतल्या 'हाउ टु लिसन'ने. ऐकावे कसे, हे गुरुजींच्या गंभीर सुरात शिकवायचे आणि त्या सुराचीच थट्टा करायची, ही पॉटरची रीत. १९४७ साली त्याने तोच सूर 'गेम्समनशिप' या पुस्तकात लावला. विषय : लबाडी न करता प्रतिपक्षाच्या खेळाचा विरस करून जिंकण्याची कला.

या कलेचे मूळ तो १९३१ च्या एका टेनिस सामन्यात दाखवतो. त्याचा जोडीदार होता तत्त्वज्ञ जोड. समोर दोन तरुण विद्यार्थी. जोडने मारलेला चेंडू उघडउघड बाहेर गेला. तरीही त्याने अतिशय नम्रपणे विचारले, चेंडू आत होता की बाहेर, ते स्पष्ट सांगाल का? सभ्य पोरे आपल्याच सचोटीवर संशय आला म्हणून गडबडली आणि हरली.

मी हे वाचताना मनापासून हसलो. मग प्रश्न पडला : हे हसू कोणाला परवडते? पॉटरचा खेळाडू एकही नियम मोडत नाही. दोघेही आधीच मैदानात आहेत, दोघांचा सभ्यपणा गृहीत आहे. म्हणूनच त्याच्या खोडीला कला म्हणतात.

डच इतिहासकार हायझिंगाने १९३८ च्या 'होमो लुडेन्स'मध्ये लबाड खेळाडू आणि खेळ मोडणारा यांत फरक केला आहे. लबाड निदान खेळ मानल्याचे सोंग करतो, म्हणून समाज त्याला सांभाळून घेतो. खेळच नाकारणाऱ्याला मात्र क्षमा नाही.

आपल्याकडचा दाखला घ्या. बाळू पालवणकरने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण पुण्याच्या मैदानावर या चांभाराच्या पोराला चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे नेतृत्व त्याला नाकारले गेले, तेव्हा १९२० साली विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ संघाबाहेर पडले. याला रडीचा डाव म्हणायचे काय? १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला. बाळूला ते पद कधीच मिळाले नाही.

दलित साहित्यावर रसभंगाचा आरोप झाला, तो याच जातीचा आहे. पॉटर चेंडू आत की बाहेर एवढेच विचारायला लावतो. आम्ही विचारतो, रेघ कोणी आखली? पहिल्या प्रश्नावर रसिक हसतात, दुसऱ्यावर उठून जातात. त्यांनी जावे. हा प्रश्न मागे घेऊन मिळणारी दाद मला नको आहे.