मृतांशी वैर की नाते?

नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या 'लुचाई'ला स्टीफन किंग यांच्या १९७५ मधील 'सालेम्स लॉट' या कादंबरीचा आधार आहे. मेलेले उठतात, आप्तांच्याच रक्ताला चटावतात. त्यांचा निःपात झाल्याखेरीज गावाची सुटका नाही. वातावरणनिर्मितीत धारप सिद्धहस्त होते, याविषयी दुमत नसावे. तथापि एक उणीव खटकते. कालपर्यंत ज्याला नावाने हाक मारली तोच दाराशी उभा राहिला, तर भयासोबत गहिवरही दाटून येईल. या कादंबरीत त्या शोकाला मिळालेली जागा तोकडी आहे.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडच्या अरण्यात माडिया गोंड मृतांच्या स्मरणार्थ दगड उभारतात. मरणाने जीव कुळापासून तुटत नाही, ही त्यामागील श्रद्धा. मृताच्या कोपाचे भय तेथेही आहे. पण त्याला हाकलण्याऐवजी त्याचा मान राखला जातो.

२ नोव्हेंबरला आप्तांच्या कबरीवर मेणबत्ती लावणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाला ही भावना परकी वाटू नये. मृताला केवळ वैरी ठरविणारी कथा थरकाप उडविते. त्याचे नाते जपणारी कथा मनात घर करते. 'लुचाई' पहिल्या पायरीवरच थांबते.