बालकांचा आध्यात्मिक विकास आणि लोककथा : दरेकसा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
ख्रिस्ती प्राथमिक शाळेत प्रार्थना, गीते व बायबलमधील कथा ही बालकांच्या आध्यात्मिक विकासाची साधने मानली जातात. परंतु बालक शाळेत रिकाम्या मनाने येत नाही. घरची गाणी, कथा व देव घेऊनच ते येते. या दोन परंपरांचे नाते कसे असावे, याचा विचार प्रस्तुत निबंधात गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा परिसराच्या संदर्भात केला आहे. येथील कचारगड गुहा हे गोंड समाजाचे श्रद्धास्थान असून माघ पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते.

टिळकांचा आदर्श व त्याची मर्यादा :
नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग दरेकसा येथून जातो. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना ‘नवा करार’ दिला. त्यांचे परिवर्तन सक्तीतून नव्हे, तर स्वतंत्र वाचन-मननातून घडले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंग व कीर्तनाचे रूप दिले. श्रद्धेला आपल्या मातीची भाषा हवी, हे त्यांच्या काव्याचे मर्म होय. तथापि ही भाषा संतपरंपरेत वाढलेल्या मराठी मनाची आहे. गोंडी बोलणाऱ्या घरातील बालकाला तीही परकीच वाटू शकते.

लिंगो-गीत :
या दृष्टीने स्टीफन हिस्लॉप यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. नागपुरात शाळा काढणाऱ्या या स्कॉटिश मिशनऱ्याने गोंडांचे लिंगो-गीत टिपून ठेवले. त्यांच्या निधनानंतर, 1866 मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी ते प्रसिद्ध केले. या गीतातील लिंगो गोंडांना शेती व कुलव्यवस्था शिकवितो. ज्यांच्यावर उपकार केले त्यांच्याच हातून मारला जातो. पुन्हा जिवंत होतो आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांना मुक्त करतो. कचारगडच्या आजच्या श्रद्धेतही कोंडलेल्या मुलांच्या मुक्तीचीच कथा आहे.

ख्रिस्तकथेशी असलेले साम्य येथे सहज जाणवते, आणि धोकाही येथेच आहे. लिंगोला ख्रिस्ताची ‘पूर्वछाया’ ठरविले, की बालकाची कथा तिचे स्वत्व गमावते व केवळ दुसऱ्या कथेची पायरी बनते. लिंगो आपल्याच लोकांना कुळांत गुंफतो, गोत्र देतो. हा आशय साम्याच्या उत्साहात हरवतो. हिस्लॉप यांनी गीत जपले, परंतु ते अभ्यासकांच्या ग्रंथात राहिले. वर्गातील बालकाच्या मुखी ते यावे, ही अपेक्षा आजही शिल्लक आहे.

निष्कर्ष :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 28(3) नुसार राज्याने मान्यता दिलेल्या वा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण व उपासनेतील सहभागासाठी संमती आवश्यक आहे. अज्ञान बालकाच्या बाबतीत ती पालकांची असते. मात्र संमतिपत्रावरील स्वाक्षरीने शिक्षकाचे दायित्व संपत नाही. बालकाने लिंगोची कथा संकोच न बाळगता वर्गात सांगावी आणि शिक्षकाने ती न दुरुस्त करता ऐकावी, हा आध्यात्मिक विकासाचा पहिला पाठ होय. स्वतःच्या कथेची लाज वाटू लागलेले मूल प्रार्थना पाठ करील. पण प्रार्थना करायला शिकेलच असे नाही.