व्यक्तिप्रकारांची शेकडेवारी : एक परीक्षण

माणसांचे प्रकार पाडण्याचा उद्योग फार जुना आहे. गेलेनच्या परंपरेतील वैद्यांनी चार प्रकृती सांगितल्या. थिओफ्रॅस्टसने तीस स्वभावचित्रे रेखाटली. परंतु अथेन्समध्ये बढाईखोर शेकडा किती आणि कृपण शेकडा किती, हे मोजावयास थिओफ्रॅस्टस गेला नाही. अमुक प्रकारची माणसे समाजात किती प्रमाणात आढळतात, असा प्रश्न विचारून त्याचे उत्तर दशांशचिन्हासह देणे हे विसाव्या शतकाचे वैशिष्ट्य होय. या उत्तराला आज जी प्रतिष्ठा लाभली आहे ती कितपत रास्त आहे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परीक्षणासाठी मायर्स-ब्रिग्ज प्रकारनिर्देशक घेतला आहे, कारण प्रकारांच्या शेकडेवारीचा इतका प्रसार दुसऱ्या कोणत्याही चाचणीमुळे झालेला नाही. आपल्या पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थीही अलीकडे स्वतःचा परिचय चार रोमन अक्षरांनी करून देऊ लागले आहेत.

या चाचणीचा वंश युंगपर्यंत पोहोचतो. युंगचा व्यक्तिप्रकारांवरील ग्रंथ १९२१ साली जर्मनमध्ये व १९२३ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. बहिर्मुख व अंतर्मुख हे दोन कल आणि विचार, भावना, संवेदन व अंतःस्फूर्ती ही चार कार्ये यांच्या संयोगाने त्याने आठ प्रकार मांडले. अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज यांनी तो ग्रंथ वाचला, आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी पुढे त्यावरून प्रश्नावली रचली. निर्णयप्रवण व ग्रहणशील ही चौथी जोडी मायलेकींनी स्वतंत्रपणे पुढे आणली. त्यामुळे आठांचे सोळा झाले. १९६२ साली एका शैक्षणिक परीक्षणसंस्थेने ही चाचणी संशोधनापुरती प्रकाशित केली. युंगला स्वतःला मात्र माणसांवर अशा चिठ्ठ्या चिकटविणे मान्य नव्हते. आपल्या ग्रंथाच्या अर्जेंटिनातील आवृत्तीसाठी १९३४ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने या प्रकारच्या वर्गीकरणाची गणना पोरखेळात केली आहे. त्याचे अनुयायी ही प्रस्तावना क्वचितच उद्धृत करतात, याचे नवल वाटावयास नको.

आता प्रत्यक्ष कोष्टकाकडे वळू. १९९८ च्या नियमपुस्तिकेत अमेरिकेतील सुमारे ३,००० प्रौढांच्या प्रातिनिधिक नमुन्यावरून काढलेले आकडे आहेत. त्यांत अंतर्मुख, संवेदननिष्ठ, भावनिष्ठ व निर्णयप्रवण हा प्रकार सर्वांत मोठा, म्हणजे शेकडा १३.८ आहे. सर्वांत विरळ प्रकार शेकडा १.५ चा, तो म्हणजे अंतर्मुख, अंतःस्फूर्तिनिष्ठ, भावनिष्ठ व निर्णयप्रवण. वाचकाने ही दोन्ही नावे पुन्हा एकदा शेजारी ठेवून पाहावीत. सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्मिळ यांच्यामध्ये फक्त एका अक्षराचे अंतर आहे.

हे अंतर पडते कशाने? त्याच नमुन्यात अंतर्मुख शेकडा ५०.७, अंतःस्फूर्तिनिष्ठ २६.७, भावनिष्ठ ५९.८ आणि निर्णयप्रवण ५४.१ होते. चार जोड्या खरोखर परस्परनिरपेक्ष असत्या तर या चारांचा गुणाकार करून दुर्मिळ प्रकाराचे प्रमाण सुमारे ४.४ यावयास हवे होते. प्रत्यक्षात ते त्याच्या एक-तृतीयांश आहे. कारण असे की, संवेदननिष्ठ लोकांपैकी शेकडा सुमारे ६३ निर्णयप्रवण ठरतात, तर अंतःस्फूर्तिनिष्ठांपैकी जेमतेम २९. म्हणजे दुसरी व चौथी या जोड्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. नियमपुस्तिकेच्या कर्त्यांना हा सहसंबंध ठाऊक आहे आणि तो ते लपवीतही नाहीत. परंतु ज्या दुर्मिळतेचे लोकांना एवढे अप्रूप वाटते तिचा मोठा भाग या गुंतागुंतीतून, म्हणजे मापनाच्या एका वैगुण्यातून निघाला आहे, हे त्या अप्रुपात कोणी सांगत नाही.

याहून उद्बोधक गोष्ट आहे ती निरनिराळ्या कोष्टकांच्या तुलनेत. डेव्हिड कर्सी व मॅरिलिन बेट्स यांच्या १९७८ मधील लोकप्रिय पुस्तकात बहिर्मुख लोक समाजात तीन-चतुर्थांश असल्याचे गृहीत धरले होते, आणि अंतर्मुख व अंतःस्फूर्तिनिष्ठ अशा चारही प्रकारांना प्रत्येकी शेकडा एक एवढाच वाटा दिला होता. वीस वर्षांनी प्रातिनिधिक नमुना घेतला तेव्हा बहिर्मुख निम्म्याहूनही किंचित कमी, ४९.३ निघाले. त्या चारांपैकी एका प्रकाराची शेकडेवारी १ वरून ४.४ वर गेली, तर दुसऱ्याची ३.३ वर. वीस वर्षांत अमेरिकन माणसाचा स्वभाव एवढा पालटला असे कोणी म्हणणार नाही. पालटली ती नमुना निवडण्याची रीत आणि प्रश्नांना गुण देण्याची रीत. जुन्या आवृत्त्यांत विचार-भावना या जोडीच्या काही उत्तरांना पुरुषांसाठी एक आणि स्त्रियांसाठी दुसरे वजन दिले जात असे. १९९८ च्या आवृत्तीत हा भेद काढून टाकण्यात आला. एखाद्या जोडीत दोन्ही बाजूंना समान गुण पडले तर उत्तरकर्त्यास कोणत्या बाजूस टाकावयाचे, याचाही नियम ठरलेला आहे : अंतर्मुख, अंतःस्फूर्तिनिष्ठ, भावनिष्ठ, ग्रहणशील. हा नियम उलटा केला असता तर कोष्टकातील प्रत्येक आकडा थोडाबहुत हलला असता. जो आकडा नियमकर्त्याच्या लेखणीने हलतो, तो लोकसंख्येविषयी काही सांगण्यापूर्वी त्या लेखणीविषयी सांगतो.

मूळ दोष अर्थात याहून खोल आहे. माणसांची उंची मोजली असता बहुसंख्य मध्याजवळ आढळतात. उंच आणि ठेंगणे अशा दोन जाती निघत नाहीत. अंतर्मुखतेचेही असेच आहे. गुणांचा आलेख काढला तर त्याला दोन शिखरे असावयास हवीत, तरच मधोमध मारलेली रेघ दोन प्रकार वेगळे करते असे म्हणता येईल. तशी दोन शिखरे दिसत नाहीत. रॉबर्ट मॅक्रे व पॉल कोस्टा यांनी १९८९ साली या चाचणीचे पंचगुणात्मक सिद्धान्ताच्या दृष्टीने पुनर्निरीक्षण केले, तेव्हा चारही मापे उपयुक्त गुणांशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. परंतु भिन्न जातींचे स्वतंत्र प्रकार अस्तित्वात असल्यास मात्र आधार मिळाला नाही. जेथे सर्वाधिक गर्दी आहे नेमकी तेथेच रेघ मारल्याचा परिणाम काय होतो, हे डेव्हिड पिटेंजर यांनी १९९३ साली दाखवून दिले : तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली असता निम्म्यापर्यंत लोकांचे एखादे तरी अक्षर बदलते.

या ठिकाणी चरकसंहितेची आठवण होणे अपरिहार्य आहे, आणि ती केवळ संख्येच्या योगायोगामुळे नव्हे. शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात सात्त्विक सात, राजस सहा आणि तामस तीन असे मनाचे सोळाच प्रकार वर्णिले आहेत. परंतु ही गणना सुरू करण्यापूर्वीच ग्रंथकार बजावून ठेवतो की, तरतमभावामुळे यांतील प्रत्येकाचे भेद अगणित होतात. पुढे सांगितले आहेत ते दिग्दर्शनापुरते. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते, असे सिद्ध करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही; चरकाचे मत्स्यसत्त्व किंवा शाकुनसत्त्व घेऊन आज कोणी प्रयोगशाळेत जाणार नाही. मुद्दा एवढाच की, तरतमभाव मान्य करणाऱ्याला शेकडेवारी काढण्याचा मोह होत नाही.

तरीही ही शेकडेवारी एवढी प्रिय का व्हावी? याचे उत्तर संख्याशास्त्रापेक्षा वाङ्मयविचारात सापडेल असे आम्हांस वाटते. इझाबेल मायर्स या मुळात कथालेखिका होत्या. त्यांची एक रहस्यकादंबरी १९३० साली प्रसिद्ध झाली होती. त्यांच्या प्रकारवर्णनांत कथाकाराचे कौशल्य आहे. प्रत्येक पात्राला काही गुण, काही न्यून. खलनायक एकही नाही. सोळांपैकी कोणतेही वर्णन वाचणाऱ्यास दुखवीत नाही, आणि जे दुखवीत नाही ते पटावयास वेळ लागत नाही. बर्ट्राम फोररने १९४९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे आठवावा. त्याने ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वचाचणीचा निष्कर्ष म्हणून एकच मजकूर वाटला. तो बव्हंशी एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतला होता. प्रत्येकाला तो केवळ आपल्यासाठीच आहे असे वाटले, आणि पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण त्याला मिळाले. अशा वर्णनाला शेकडेवारीची जोड मिळाली की, सर्वांना लागू पडणारे वर्णन थोड्यांनाच लागू पडते असा भास उत्पन्न होतो. वर्णन जवळीक देते, आकडा वेगळेपण देतो. फोररच्या मजकुराजवळ आकडा नव्हता.

हे परीक्षण एकांगी होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. प्रकारांची कल्पनाच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. २०१८ साली मार्टिन गेरलाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांचे विश्लेषण करून, गुणांच्या अवकाशात जेथे अपेक्षेपेक्षा अधिक दाटी आहे अशी चार स्थाने दाखविली. परंतु ती दाटीची ठिकाणे आहेत, कुंपण घातलेली शेते नव्हेत. बहुतेक माणसे त्यांच्या आसपास किंवा त्यांच्यापासून दूर कोठेतरी विखुरलेली आहेत. त्यांतील एका स्थानास संशोधकांनी ‘सरासरी’ असेच नाव दिले आहे. त्या नावाचा अभिमान बाळगणारा विद्यार्थी अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने आपली उत्तरपत्रिका आणून दाखविली. आपला प्रकार सर्वांत सामान्य निघाला म्हणून ती खिन्न होती, आणि संशोधनाला लागणारी प्रतिभा आपल्यापाशी नसावी असे मानून पीएच. डी.चा अर्ज मागे घेण्याच्या विचारात होती. आम्ही दुसऱ्या जोडीचे गुण पाहिले. ते मध्यरेषेपासून जेमतेम दोन-तीन उत्तरांवर होते. तेवढी उत्तरे उलट पडती तर हीच मुलगी शंभरात दीड या कोष्टकात गेली असती. कोणत्या प्रश्नांना तिने काय उत्तर दिले होते ते आम्ही तिच्यासह वाचले. त्यांपैकी एकाचे उत्तर, तिच्याच म्हणण्याप्रमाणे, त्या दिवशी घाई होती म्हणून तसे दिले गेले होते.